मागचा आवाज

"थांब," मी हात वर केला. "गिरणी लागली."

ऋतुजानं उघडलेलं तोंड मिटलं आणि ती तांदळाच्या पोत्यावर बसल्या बसल्या पाय हलवायला लागली. शाळेच्या पाठीमागेच पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा फिरायला लागला की आमचं रेकॉर्डिंग बंद. मोबाईल हातात धरून मी दळण संपायची वाट बघत होते आणि मनातल्या मनात गिरणीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

"बाई," ऋतुजा म्हणाली, "शेवटी एक वाक्य वाढवू? 'आप्पा, औंदा यात्रेला या.' एवढंच."

कोपऱ्यात तिची आई, छायाताई, दुसऱ्या दिवशीच्या खिचडीचे तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला.

"काय गरज न्हाय," ती म्हणाली. "ज्याला यायचं त्याला वाट म्हाईत हाय. आपुन बोलवायचं न्हाय."

"पण आई, सगळ्यांचे पप्पा येणार हायती."

"येऊ द्यात की. तू धडा वाच गप."

सूप पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जरा जोरात. ऋतुजानं माझ्याकडे बघितलं आणि मी खिडकीकडे. नवरा-बायकोच्या मध्ये तिसऱ्यानं पडू नये, हे मला माझ्या आईनं लग्नाआधीच शिकवून ठेवलं होतं.

याला आता सात-आठ वर्षं होऊन गेली. तेव्हा मी हिंगणमळ्याच्या शाळेत होते. सांगली जिल्ह्याच्या त्या दुष्काळी टोकाला शेतात फारसं काही पिकत नाही, म्हणून आजे-पणज्यांच्या काळापासून तिथले पुरुष गलाईच्या धंद्यात. म्हणजे सराफांकडचं जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं. त्यासाठी कोणी सेलमला, कोणी कोलकत्याला, कोणी पार लुधियान्याला. गावात राहायच्या बायका, म्हातारी माणसं आणि आमच्या शाळेतली पोरं. चैत्रात भैरोबाची यात्रा आली की सगळे बाप गावात उतरायचे, आठवडाभर नुसता धुरळा, आणि मग पुन्हा फोन.

मी एका प्रशिक्षणात पॉडकास्ट हा प्रकार शिकून आले होते. पोरांनी बोलायचं, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि दर रविवारी पालकांच्या ग्रुपवर टाकायचं. व्हिडिओ करून बघितले होते, पण भट्टीपुढच्या माणसाला नजर हलवता येत नाही. कान मात्र मोकळे असतात. धडे, गोष्टी, कोडी, शाळेच्या बातम्या, असं काय काय असायचं. नाव पोरांनीच ठेवलं, 'ऐका की'. ज्या पोरांना पुस्तक बघितलं की घाम फुटायचा, ती आपला बाप ऐकणार म्हणून एकेक उतारा दहा-दहा वेळा वाचून यायला लागली. मला आणखी काय हवं होतं?

वर्गात आवाज घुमायचा. तो घुमत नव्हता फक्त पोषण आहाराच्या खोलीत. तिथे भिंतीला लागून तांदळाची पोती रचलेली, त्यामुळे आवाज कसा जिथल्या तिथे राहायचा. अडचण एकच. आमचे मुख्याध्यापक खिलारे गुरुजी यांचा दंडक होता की ती खोली उघडी असली की किल्लीवाल्या माणसानं आत बसलंच पाहिजे. पूर्वी कधीतरी एक शेळी आत शिरून मटकी खाऊन गेली होती. तिचं पोट फुगलं आणि मालकीण गुरुजींच्याच अंगावर आली, तेव्हापासूनचा हा दंडक. आणि किल्ली छायाताईकडे, कारण पोरांचा आहार ती शिजवायची. म्हणून आम्ही रेकॉर्डिंग करायचो आणि ती कोपऱ्यात बसून तांदूळ पाखडायची. मी आधी एक-दोनदा म्हणून बघितलं, "छायाताई, जरा वेळ थांबवता का?" तर म्हणाली, "बाई, उद्या पोरास्नी खडं चारू का?" मग मी नाद सोडला.

त्या दिवशी गिरणी काही थांबायला तयार नाही. शेवटी तसाच ऋतुजाचा उतारा घेतला आणि तिला घरी पाठवलं. मी वैतागून ओट्यावर येऊन बसले. गुरुजी हजेरीपट बांधून ठेवत होते.

"गुरुजी, हे ऋतुजाच्या घरात काय चाललंय? बाप येत का नाही?"

गुरुजी त्याच गावचे. सगळ्यांच्या कुंडल्या त्यांना पाठ. ते आधी इकडे-तिकडे बघून म्हणाले, "धन्याची, म्हणजे ऋतुजाच्या बापाची, आई अंथरुणाला खिळून होती. छायानं केलं सगळं. हागणं-मुतणं सुद्धा. म्हातारी गेली तेव्हा धन्या सेलममधनं निघाला, पण गाडी चुकली का काय झालं, तो पोचला तर माती उरकलेली. दारात उभा राहिला आणि ही त्याला सगळ्या भावकीपुढं म्हणाली, तुमच्या आईला शेवटचं पाणी पण मीच पाजलं, तुम्ही आता कशाला आलाय?"

"बापरे."

"खोटं काय बोलली? पण चारचौघात बोलली. तेरावं झालं तसा तो गेला, तो आजतागायत पाय ठेवला नाही. फोन करतो तो पोरीला. हिला विचारत नाही, ही विचारत नाही. दोन्ही बाजूला ताठा. मधी पोरगी."

"तुम्ही समजावलं नाही?"

"समजावून आलोय की. ती म्हणती त्यांनी आधी बोलावं, तो म्हणतो तिनं आधी बोलावं. आता भैरोबानंच आवाज दिला तर."

मला ऋतुजाचं ते "एवढंच" आठवत राहिलं. तिसरीतली पोरगी. यात्रेच्या पाळण्यात बापाच्या मांडीवर बसायचं एवढीच तिची इच्छा, आणि ती सुद्धा सांगायची चोरी.

पण माझ्या हातात काय होतं? माझ्या हातात मोबाईल होता. त्या संध्याकाळी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढून, कारण गावात नेटवर्क तिथेच लागायचं, मी एक ॲप उतरवून घेतलं. मिरजेच्या माझ्या भाच्यानं सांगितलेलं. त्यात आवाज घातला की मुख्य बोलणाऱ्या माणसाचा आवाज तेवढा ठेवायचं आणि बाकी सगळा कचरा काढून टाकायचं. रात्री मी ऋतुजाचा उतारा त्यात घातला आणि ऐकते तर काय, गिरणी गायब. सूप गायब. नुसती ऋतुजा, काचेच्या पेल्यातल्या पाण्यासारखी स्वच्छ. मला इतका आनंद झाला की आमच्या ह्यांना झोपेतून उठवून ऐकवलं. ते "हं" म्हणून कुशीवर वळले.

रविवारी पुन्हा टाकीच्या जिन्यावर चढून मी भाग ग्रुपवर टाकला. अंगठे आले, हात जोडलेले आले. आणि मला एकटीला एक निरोप आला. एक नंबर होता, फोटोत भैरोबा, नाव नाही. तो माणूस दर रविवारी मला फक्त "ऐकलं" एवढं लिहायचा. असेल कोणी पालक, म्हणून मी कधी चौकशी केली नव्हती. त्या दिवशी त्यानं लिहिलं, "बाई, मागचा आवाज कुठं गेला?"

मी कौतुकानं लिहिलं, "काढून टाकला. आता स्वच्छ ऐकू येतं ना?"

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "पहिल्यागत करा."

घ्या. करायला गेलं एक आणि झालं भलतंच. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सांगितलं तर ते हसले.

"बाई, तुम्ही गाव काढून टाकलं त्यातनं. ती माणसं परमुलखात बसलीत. त्यांना धडा कुठं ऐकायचाय? त्यांना गिरणी ऐकायची आहे."

पटलं मला. मग म्हटलं, असं आहे तर गावच ऐकवू. तो आठवडाभर पोरांना मी आवाज गोळा करायला सोडलं. भाषेचा तास म्हणा, परिसर अभ्यास म्हणा. कोणी गिरणीचा पट्टा आणला, कोणी हापसा, कोणी भैरोबाच्या देवळातली घंटा, कोणी विट्याहून येणाऱ्या एसटीचा गिअर. एकानं आजोबांचं घोरणं आणलं. प्रत्येकानं आपल्या आवाजाबद्दल चार वाक्यं लिहून त्या त्या जागीच उभं राहून वाचली, आणि पोरं न सांगता इतकं चांगलं लिहू शकतात हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. रविवारी भाग टाकला आणि ग्रुप नुसता उसळला. लुधियान्याचा एकजण म्हणे, हापसा ऐकून तहान लागली. घोरणाऱ्या आजोबांचा मुलगा कोलकत्यात रडला म्हणे.

आणि भैरोबाच्या फोटोवाल्यानं लिहिलं, "हे न्हाय."

मी तिथेच जिन्यावर बसले. खरं सांगते, रागच आला. म्हटलं, हा कोण टिकोजीराव? ह्याला काय देवळाची घंटा पसंत नाही? मी लिहिलं, "मग कोणता आवाज?" तर उत्तर नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी मोबाईल गुरुजींच्या पुढे धरला. "बघा बाबा, हे गिऱ्हाईक काही माझ्या आवाक्यातलं नाही."

गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला, नंबर बघितला, मग खिशातून आपला जुना फोन काढून ताडून बघितला.

"अहो कोण आहे?"

"हा धन्याचा नंबर आहे," ते म्हणाले. "धनाजी देवकर. ऋतुजाचा बाप. बाई, तुमच्याकडं जुने भाग आहेत? साफ करायच्या आधीचे?"

होते. मी एक लावला. इअरफोनचं एक टोक त्यांच्या कानात, एक माझ्या, असे आम्ही दोघं ओट्यावर बसलो. ऋतुजा कोल्ह्याची गोष्ट वाचत होती. मी ते शंभरदा ऐकलेलं होतं, पण ऋतुजा ऐकलेली होती. तिच्या मागे काय आहे ते मी कधी ऐकलंच नव्हतं.

मागे सूप होतं. तांदूळ वर जात होते आणि खाली येत होते, फस्स, फस्स. मध्येच बांगड्या. सूप टेकवून खडा वेचायची तेवढी शांतता. आणि ऋतुजा अडखळली की हळूच, अगदी ओठातल्या ओठात, "सावकाश गं बाय." मग खोकल्याची एक उबळ. मग पुन्हा सूप. गोष्ट संपली तेव्हा एक लांब सुस्कारा आणि "झ्याक वाचलंस."

गुरुजींनी इअरफोन काढला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "धूळ गेली," म्हणाले. मला तेवढं सुद्धा सुचलं नाही. मी सरळ रडले. आठवड्याला एकदा, परमुलखात भट्टीपुढे बसून, तो माणूस पोरीचं वाचन ऐकायचा आणि त्याच्या आडून बायकोचं असणं ऐकायचा. आणि माझ्या ॲपनं तिला कचरा समजून काढून टाकलं होतं.

"छायाताईला सांगूया?" मी विचारलं.

"मुळीच नको," गुरुजी म्हणाले. "सांगितलंत तर ती उठून जाईल आणि किल्ली माझ्या टेबलावर आणून टाकील. तिचा ताठा तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही एक करा. ते तुमचं यंत्र बंद ठेवा. आणि मोबाईल जरा कोपऱ्याकडं सरकवून ठेवा."

तसंच केलं. पुढच्या रविवारी ऋतुजाचा भाग नव्हता, दुसऱ्याच एका मुलाची कविता होती, पण सूप होतं. निरोप आला, "ऐकलं." मी त्या एका शब्दाकडे बघत टाकीच्या जिन्यावर कितीतरी वेळ उभी राहिले.

पण ऐकणं निराळं आणि येणं निराळं. यात्रा तोंडावर आली. घरोघर रंग निघाले, पाळणेवाले येऊन जागा आखून गेले. पोरं एकमेकांना सांगायला लागली, आमचे पप्पा बुधवारी निघणार, आमचे काका गाडी करून येणार. ऋतुजा त्या घोळक्यात नुसती उभी राहायची. एकदा मला हळूच म्हणाली, "बाई, मी फोनवर सुदिक विचारत न्हाय. आईनं शपथ घातलीया." काय करावं या पोरीचं, मला कळेना.

यात्रेआधीचा शेवटचा भाग कृतीचा ठेवला होता. तिसरीच्या पोरांना एखादी गोष्ट कशी करायची ते क्रमानं सांगायला शिकवायचं असतं. कोणी पतंग सांगितला, कोणी भाकरी. ऋतुजानं यात्रेचा नैवेद्य घेतला, पुरणपोळी. ती पोत्यावर बसली, मी मोबाईल कोपऱ्याकडे सरकवून ठेवला, छायाताईनं सूप मांडीवर घेतलं.

"प्रथम हरभऱ्याची डाळ स्वच्छ धुवावी," ऋतुजानं सुरुवात केली. "मग त्यात गूळ घालून ती शिजत ठेवावी."

सूप थांबलं. "आधी गूळ घातलास तर ती डाळ जल्मात शिजायची न्हाय."

"मग कधी घालायचा?"

"आधी डाळ शिजू दे. मग कट काढून घ्यायचा आमटीला. मग गूळ."

"मग गूळ घालावा," ऋतुजा मोबाईलला म्हणाली. "मग पुरण वाटावं. मग पोळी लाटून तव्यावर टाकावी. पोळी मऊ झाली की काढावी."

"मऊ?" छायाताई म्हणाली. "मऊ कुणाला गं लागती आपल्यात? तुला न् मला चालतंय. तुझ्या आप्पास्नी मऊ पोळी चालत न्हाय. खरपूस लागती. कडंला डाग पडल्याबिगर ते माणूस ताटात घेत न्हाय. तुझी आजी म्हणायची, छाये, ह्याची पोळी शेवटाला टाक, जाळ मंद कर आणि इसरून जा. तसंच करायची मी. सगळी जेवून उठायची आणि ह्यांची पोळी आपली तव्यावर. गरम हुती म्हणून फुकत फुकत खायचं, पण थांबायचं न्हाय."

एवढं बोलून ती सुपातल्या तांदळात बोटं फिरवायला लागली. ऋतुजा आईकडे बघत राहिली. गिरणी बंद होती, बाहेर पोरं खेळून दमली होती, आणि मोबाईलवरचे आकडे पुढे पुढे सरकत होते.

"मग?" ऋतुजानं विचारलं.

"मग काय. औंदा पण पोळ्या हुतीलच की." तिनं सूप उचललं. "जाळ मंद ठिवायचा, एवढंच ध्यानात ठेव."

मी रेकॉर्डिंग बंद केलं. ऋतुजा दप्तर घ्यायला बाहेर पळाली. आता हे असंच पाठवायचं म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं बोलणं चव्हाट्यावर मांडण्यासारखं होतं. विचारल्याशिवाय मी ते करणार नव्हते.

"छायाताई," मी म्हणाले, "तुम्ही बोललात ते सगळं यात आलंय. काढू का?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. "त्या यंत्रानं निघतंय व्हय?"

"निघतं. सगळं निघतं. नुसती ऋतुजा राहील."

तिनं एक खडा वेचला, तो बोटांत धरून बघितला आणि दारातून बाहेर टाकला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मागचं कोण ऐकतंय?"

त्या रविवारी ग्रुपवर पुष्कळ जणांनी पुरणपोळीचं कौतुक केलं. भैरोबाच्या फोटोवाल्याकडून काहीच आलं नाही. मी दिवसभरात तीन-चारदा टाकीवर चढून बघितलं. नाही. गुरुजींना सांगितलं तर ते म्हणाले, "आपण आपलं केलं," आणि सुपारी कातरत बसले. पण त्यांचंही मन लागत नव्हतं, कारण सुपारी कातरून झाली तरी अडकित्ता चालूच होता. यात्रेला मी मिरजेला गेले, पण तिथेही माझं चित्त त्या पाळण्यात.

सुट्टी संपून शाळेत आले तर आहाराची खोली उघडी होती आणि दारात एक माणूस उभा होता. काळासावळा, हातांवर भट्टीचे जुने डाग, खांद्यावर ऋतुजाचं गुलाबी दप्तर. ऋतुजा त्याच्या बोटाला धरून जागच्या जागी उड्या मारत होती. आत सूप चालू होतं.

"नमस्कार, बाई," तो म्हणाला. "मी धनाजी. म्हटलं, खोली तरी बघून यावी."

फोनवर एवढ्याशा शब्दांत लिहिणाऱ्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. तोंडाला आलं ते विचारलं.

"मग, पोळी खरपूस झाली होती का?"

त्यानं आत बघितलं आणि मान खाली घातली.

"मऊ हुती, बाई. पार रुमालागत मऊ. मुद्दाम केली हुती."

"मग हो?"

"मग काय. खाल्ली गपगुमान."

आतलं सूप थांबलं.

"आणि वर आणखी मागून घेतली," छायाताईचा आवाज आला. "ते पण सांगा की बाईस्नी."